रक्ताची साक्ष

घरात कोणी तापाने अंथरूण धरले की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डॉक्टर रक्त तपासून आणावयास सांगतात. संध्याकाळी प्रयोगशाळेचा कागद घरी येतो. त्यावर काही आकडे असतात, काही आद्याक्षरे असतात, आणि कोठे तरी 'पॉझिटिव्ह' किंवा 'निगेटिव्ह' असा एक शब्द असतो. घरातील शिकलेसवरलेले माणूस चष्मा लावून तो कागद वाचते आणि बाकीची मंडळी त्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहतात. त्या एका शब्दाने कोणाला धीर येतो, कोणाचा धीर सुटतो.

पण, वाचकहो, तो शब्द नेमका कशाविषयी बोलत असतो, याचा आपण कधी विचार केला आहे काय? तो रोगजंतूविषयी बोलतो, की रोगजंतूशी आपल्या शरीराने दिलेल्या झुंजीविषयी, की ती झुंज शरीराला कितपत झेपते आहे याविषयी? या तीन गोष्टी वेगवेगळ्या आहेत. त्यांची गल्लत झाली म्हणजे उपचार चुकतो, पैसा वाया जातो आणि कधी कधी हाती असलेला मोलाचा दिवस निघून जातो.

मध्य भारतातील जबलपूर शहरात या प्रश्नावर अनेक वर्षे मोठे काम झाले आहे. तेव्हा आज आपण जबलपूरच्या वाटेनेच या विषयात प्रवेश करू.

नर्मदेकाठचे शहर

जबलपूर म्हटले की भेडाघाटचे संगमरवरी कडे आणि धुवांधारचा प्रपात डोळ्यांपुढे उभे राहतात. १९५६ पर्यंत हे शहर आणि नागपूर एकाच राज्यात होते. त्यामुळे मराठी कुटुंबांना ते परके नाही. शहराच्या पूर्वेस आणि दक्षिणेस मात्र वेगळाच मुलूख पसरला आहे. मंडला, डिंडोरी, बालाघाट हे जिल्हे साल-सागाच्या जंगलांचे आणि गोंड व बैगा लोकांच्या वस्तीचे. बालाघाटला लागूनच आपला गोंदिया जिल्हा आहे, आणि तेथून पुढे त्याच जंगलाच्या ओळीने गडचिरोली. या साऱ्या टापूत पावसाळा ओसरू लागला की हिवतापाचा हंगाम सुरू होत असे. गावे पांगलेली, ओढे भरलेले, दवाखाना दूर. घरगुती उपाय करण्यात दोन दिवस जात; तिसऱ्या-चौथ्या दिवशी रोगी बरळू लागला किंवा निपचित पडला, म्हणजे मग त्यास जबलपूरच्या मोठ्या रुग्णालयात आणण्याची धावपळ होई.

या शहरात १९५५ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. आज ते नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्या नावाने ओळखले जाते. त्याच परिसरात, नागपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर गढा भागात, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९८४ साली आदिवासींच्या आरोग्यासाठी एक संशोधन केंद्र उघडले. पुढे त्यास राष्ट्रीय संस्थेचा दर्जा मिळाला. हिवताप, क्षय, सिकलसेल, फ्लोराइडयुक्त पाण्याने होणारे विकार अशा, या मुलखाला छळणाऱ्या रोगांचा अभ्यास तेथे चालत आला आहे. डॉ. नीरू सिंह यांनी जबलपुरास राहून हिवतापावर दीर्घकाळ काम केले, आणि पुढे त्या या संस्थेच्या संचालिका झाल्या.

रक्तातील तीन साक्षीदार

जबलपूरचे काम समजून घेण्यापूर्वी एका गोष्टीचा उलगडा करून घेऊ. रोग्याच्या रक्तात तीन प्रकारचे साक्षीदार सापडतात.

पहिला साक्षीदार म्हणजे खुद्द शत्रू, किंवा त्याचा एखादा अंश. हिवतापाचा परोपजीवी तांबड्या रक्तपेशीत राहतो. फ्रेंच लष्करी डॉक्टर लाव्हेराँ यांनी तो १८८० साली सूक्ष्मदर्शकातून प्रथम पाहिला. रोगजंतूच्या ज्या अंशामुळे शरीर चाळवले जाते, त्यास 'प्रतिजन' असे म्हणतात. प्रतिजन सापडला, म्हणजे शत्रू घरात आहे किंवा नुकताच होता.

दुसरा साक्षीदार म्हणजे 'प्रतिपिंड'. शत्रूची ओळख पटल्यावर त्याच्या अंगावर नेमके बसेल असे प्रथिन आपल्या पांढऱ्या पेशी तयार करतात. प्रत्येक कुलपाला जशी त्याचीच किल्ली लागते, तसे प्रत्येक प्रतिजनाला त्याचे प्रतिपिंड. १८९० साली बर्लिन येथे बेरिंग आणि किटासाटो यांनी असे दाखविले, की धनुर्वातास न जुमानणाऱ्या प्राण्याचे रक्तजल दुसऱ्या प्राण्यास टोचले तर तोही त्या विषापासून वाचतो. रक्तात काही तरी संरक्षक द्रव्य असते, याचा तो पहिला भक्कम पुरावा. १८९६ साली पॅरिसचे विडाल यांनी याच गुणाचा उपयोग विषमज्वराच्या निदानासाठी केला. ती 'विडाल तपासणी' आपल्या गावोगावच्या प्रयोगशाळांत अद्याप चालते.

तिसरा साक्षीदार आपल्याला कमी परिचयाचा आहे. लढाई जुंपली की पेशी एकमेकींना रासायनिक निरोप धाडतात. कोणता निरोप म्हणतो, 'इकडे धावा'; कोणता म्हणतो, 'ताप वाढवा'; कोणता म्हणतो, 'आता पुरे'. हे निरोपे रक्तद्रवात मोजता येतात. त्यांच्यावरून शत्रू कोण हे कळत नाही. पण लढाई किती पेटली आहे, हे मात्र कळते.

पहिला साक्षीदार शत्रूची खबर देतो, दुसरा त्याची आठवण ठेवतो आणि तिसरा रणधुमाळी सांगतो. ज्यास जे ठाऊक, तेच त्याला विचारावे, हा न्यायालयातील नियम येथेही लागू आहे.

मेंदूचा हिवताप

हिवतापाच्या जातींपैकी 'फाल्सिपॅरम' ही सर्वांत घातक. या जातीचा परोपजीवी ज्या तांबड्या पेशीत शिरतो, ती पेशी चिकट होते आणि बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना धरून बसते. हा प्रकार मेंदूत घडला की रक्ताची वाट अडते, सूज येते, झटके येतात आणि रोगी बेशुद्ध होतो. यालाच मेंदूचा हिवताप म्हणतात. वेळेवर औषध मिळूनही त्यातील काही रोगी दगावतात; वाचलेल्यांपैकी काहींना पुढे फेफरे किंवा स्मरणाचा व शिकण्याचा अधूपणा राहतो.

आता एक कोडे पाहा. एकाच रुग्णालयात, एकाच हंगामात, दोन रोगी बेशुद्धावस्थेत येतात. दोघांच्याही रक्तात परोपजीवी आहेत. दोघांनाही तेच औषध मिळते. एक चौथ्या दिवशी उठून बसतो, दुसरा परत येत नाही. असे का व्हावे? दोहोंमधला फरक शत्रूत नसेल, तर तो रोग्याच्या शरीराने दिलेल्या उत्तरात शोधला पाहिजे.

हाच शोध जबलपूरला घेण्यात आला. डॉ. विधान जैन, डॉ. नीरू सिंह, अमेरिकेतील अटलांटाचे डॉ. जोनाथन स्टाइल्स आणि त्यांचे सहकारी यांचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात निरोगी माणसे, साध्या हिवतापाचे रोगी, मेंदूच्या हिवतापातून वाचलेले रोगी आणि त्याच रोगाने दगावलेले रोगी असे चार गट करून त्यांच्या रक्तद्रवातील अनेक निरोप्यांची मोजदाद केली होती. तिच्यात एक निरोप्या विशेष उठून दिसला. त्याचे नाव 'आयपी-१०'. पांढऱ्या पेशींना लढाईच्या जागी बोलावून आणणे हे त्याचे काम. ज्यांच्या रक्तात आयपी-१० फार चढलेले होते, त्यांना मृत्यूचा धोका अधिक होता. जळजळीशी आणि पेशींच्या मरणाशी नाते असलेली आणखी दोन प्रथिनेही त्याच बाजूची निघाली. उलट, रक्तवाहिन्यांची वाढ व डागडुजी करणारे एक प्रथिन बचावाच्या बाजूचे ठरले.

आफ्रिकेतील घाना देशात दगावलेल्या मुलांविषयी याच्या आदल्या वर्षी प्रसिद्ध झालेला निष्कर्षही याच दिशेचा होता. २००८ मध्येच उंदरांवरील प्रयोगांत असे दिसले, की ज्या उंदरांत आयपी-१० तयारच होत नाही, त्यांना मेंदूचा हिवताप पुष्कळ कमी होतो. दूरदूरच्या तीन साक्षी एकमेकींशी जुळल्या, हे महत्त्वाचे.

यावरून एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. रोग्याचा जीव केवळ शत्रू घेत नाही. घर राखण्यासाठी नेमलेले पहारेकरीही घाबरून जागीच आग लावतात, आणि त्या आगीत घर जळते. आपल्या शरीराची प्रतिकारशक्ती जितकी अधिक तितकी बरी, ही समजूत म्हणूनच अर्धवट आहे. प्रतिकार हवा, पण तो मापात हवा आणि वेळेवर थांबणारा हवा.

पहारेकऱ्यांना आवरावे काय?

मग या पहारेकऱ्यांना औषध देऊन शांत केले तर? हा विचार सुचणे स्वाभाविक आहे. वैद्यांना तो फार पूर्वीच सुचला होता. प्रतिकार दडपणारे डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड थायलंडमध्ये मेंदूच्या हिवतापाच्या १०० रोग्यांवरील चाचणीत वापरून पाहण्यात आले. १९८२ साली तिचा निकाल प्रसिद्ध झाला. मृत्यू कमी झाले नाहीत. उलट, स्टेरॉइड मिळालेल्यांची बेशुद्धी लांबली. ज्यांना ते मिळाले नव्हते ते सरासरी ४७ तासांनी शुद्धीवर आले, तर मिळालेल्यांना ६३ तास लागले. फुफ्फुसदाह आणि पोटातील रक्तस्रावही त्यांच्यात अधिक झाले. तर्काला जे सरळ वाटत होते, ते रोग्याला मानवले नाही.

याच्या उलट उदाहरण आपल्या सर्वांच्या आठवणीतले आहे. २०२० साली इंग्लंडमधील मोठ्या चाचणीत हेच डेक्सामेथासोन कोविडच्या रोग्यांना देण्यात आले. कृत्रिम श्वासयंत्रावर असलेल्यांतील मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने घटले. केवळ प्राणवायूवर असलेल्यांतील सुमारे एक-पंचमांशाने. मात्र ज्यांना प्राणवायूची गरजच नव्हती, त्यांना काही लाभ झाला नाही. औषध तेच, पहारेकरीही तेच. पण रोग वेगळा आणि रोगाची वेळ वेगळी. म्हणून रक्तात अमुक निरोप्या चढला आहे, तेव्हा त्यास दाबणारे औषध द्या, असा हिशेब कागदावरून मांडता येत नाही.

मेंदूच्या हिवतापात खरा फरक पाडला तो शत्रूलाच त्वरेने मारणाऱ्या औषधाने. बांगलादेश, भारत, इंडोनेशिया आणि म्यानमार या देशांत मिळून १,४६१ रोग्यांवर झालेल्या चाचणीचा निकाल २००५ साली आला. शिरेतून क्विनीन दिलेल्यांपैकी शेकडा २२ दगावले, तर आर्टेसुनेट दिलेल्यांपैकी शेकडा १५. शंभरामागे सात माणसे घरी परतली, ती औषध बदलल्यामुळे. आयपी-१० ची मोजणी आजही रुग्णालयाच्या नित्याच्या तपासणीत आलेली नाही. हेच द्रव्य क्षय, डेंग्यू आणि कोविड यांतही चढते. तेव्हा एकट्या त्याच्यावरून रोगाचे नाव ठरत नाही. परंतु कोणत्या रोग्यावर अधिक लक्ष ठेवावे, आणि उद्याचे औषध कोणत्या जागी नेम धरून बनवावे, याचा रस्ता अशा अभ्यासातून दिसतो.

कार्डावरील एक रेघ

जबलपूरने दिलेला दुसरा धडा गावात वापरल्या जाणाऱ्या तपासणी-कार्डाविषयी आहे. 'आशा' कार्यकर्ती बोटातून रक्ताचा थेंब घेऊन एका लहानशा कार्डावर टाकते आणि थोड्या वेळात रेघ उमटते, हे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. त्या कार्डात प्रतिपिंडे बसवलेली असतात. जे काम शरीरात चालते तेच माणसाने कागदाच्या पट्टीवर आणले आहे. रक्तात परोपजीवीचे प्रथिन असेल, तर प्रतिपिंडे त्यास पकडतात आणि रेघ दिसू लागते. जेथे सूक्ष्मदर्शक नाही आणि वीजही धड नाही, तेथे या कार्डाने असंख्य लोकांचे निदान त्याच दिवशी करून दाखविले आहे.

परंतु या साक्षीलाही मर्यादा आहेत. फाल्सिपॅरमसाठी जे प्रथिन पकडले जाते, ते रोगी बरा झाल्यावरही काही आठवडे रक्तात रेंगाळते. म्हणून उपचार पूर्ण झाल्यानंतर लगेच पुन्हा कार्ड लावले आणि रेघ आली, तर औषध लागू पडले नाही असे समजून घाबरू नये. अशा वेळी रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे हा योग्य मार्ग.

दुसरी मर्यादा अधिक चमत्कारिक आहे. काही परोपजीवींमध्ये हे प्रथिन तयार करणारे जनुकच नाहीसे झालेले असते. असा परोपजीवी रक्तात असूनही कार्डाला दिसत नाही. ओळखपत्र फाडून टाकलेल्या चोरासारखा तो निसटतो. डॉ. प्रवीण भारती आणि डॉ. नीरू सिंह यांनी सहकाऱ्यांसह देशातील आठ राज्यांतून नमुने गोळा करून हा शोध घेतला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात फाल्सिपॅरमच्या रोग्यांपैकी शेकडा दोन-तीन जणांत असे परोपजीवी आढळले. प्रमाण लहान आहे. पण ज्याच्या घरचा रोगी त्यात सापडतो, त्याच्या दृष्टीने ते लहान नाही. यावरून घ्यावयाचा बोध असा, की कार्ड कोरे आले तरी हिवतापी मुलखातला ताप उतरत नसेल, तर काच तपासून घ्यावी. कार्ड खोटे बोलत नाही. त्यास जे दिसते तेवढेच ते सांगते.

आठवण आणि आजार

आता प्रतिपिंडांकडे वळू. हिवतापी गावात लहानाचा मोठा झालेला माणूस वारंवार आजारी पडून हळूहळू काहीसा टणक होतो. हा टणकपणा प्रतिपिंडांमुळे येतो, याचा पुरावा १९६१ साली मिळाला. आफ्रिकेतील गांबिया येथे अशा प्रौढांच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडे हिवतापाने आजारी मुलांना टोचण्यात आली, आणि त्यांच्या रक्तातील परोपजीवी झपाट्याने घटले. प्रतिपिंडे खरोखरीच लढतात, हे त्यावरून सिद्ध झाले.

परंतु नेमक्या याच कारणाने हिवतापाच्या निदानासाठी प्रतिपिंडांची तपासणी उपयोगी नाही. ती लढाई संपल्यावरही दीर्घकाळ रक्तात राहतात. आज आलेला ताप हिवतापाचा आहे, की प्रतिपिंडे मागच्या वर्षीच्या हिवतापाची आहेत, हे त्यांच्यावरून कसे कळावे? जुन्या वहीत एखाद्याचे नाव आहे, एवढ्यावरून तो आज दाराशी उभा आहे असे होत नाही.

क्षयाच्या बाबतीत या घोटाळ्याची मोठी किंमत आपल्या देशाने मोजली. क्षयाची प्रतिपिंडे दाखविणाऱ्या रक्ततपासण्या अनेक वर्षे बाजारात जोरात चालत होत्या. गरीब कुटुंबे त्यांसाठी पैसे मोजत. ज्यांना क्षय नाही त्यांना त्या क्षयी ठरवीत, आणि ज्यांना खरोखर क्षय आहे त्यांतील काहींना निरोगी म्हणून घरी धाडीत. २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने या तपासण्या वापरू नयेत असे स्पष्ट सांगितले आणि २०१२ साली भारत सरकारने त्यांवर बंदी घातली. कारण साधे आहे. क्षयाचा जंतू कित्येकांच्या शरीरात जन्मभर निपचित पडून असतो. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पंधरा वर्षांवरील लोकांपैकी शेकडा सुमारे ३१ जणांत या संसर्गाची खूण आढळली. त्यांतील फार थोड्यांनाच पुढे रोग होतो. हातावर सुई टोचून करावयाची तपासणीही संसर्ग सांगते, रोग सांगत नाही.

मध्य प्रदेशातील श्योपूर जिल्ह्यात सहरिया जमातीत जबलपूरच्या संशोधकांनी केलेल्या पाहणीत दर लाख लोकांमागे १,५१८ क्षयरोगी आढळले. तो अहवाल २०१० साली प्रसिद्ध झाला. हे रोगी शोधले गेले ते घरोघर जाऊन, खोकल्याची चौकशी करून आणि बेडका तपासून. शत्रू जेथे आहे तेथेच त्यास पाहणे, हा जुना मार्गच येथे खरा ठरला. आज बेडक्यातील जंतू जनुकीय तपासणीने काही तासांत ओळखता येतो, आणि सरकारी केंद्रांवर ती तपासणी विनामूल्य होते.

डेंग्यूचे उदाहरण आणखी बोलके आहे. त्यात साक्षीदाराला कोणत्या दिवशी विचारावयाचे, यावरच सारे अवलंबून असते. तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांत विषाणूचे 'एनएस-१' हे प्रथिन रक्तात सापडते. 'आयजीएम' जातीची प्रतिपिंडे साधारणपणे चौथ्या-पाचव्या दिवसापासून दिसू लागतात आणि दोन-तीन महिने टिकतात. 'आयजीजी' मागाहून येतात व वर्षानुवर्षे राहतात. म्हणून दुसऱ्या दिवशी केलेली आयजीएम तपासणी निगेटिव्ह आली, तर ती डेंग्यू नसल्याची ग्वाही नव्हे. आणि नुसती आयजीजी पॉझिटिव्ह आली, तर तो पूर्वी होऊन गेलेला डेंग्यूही असू शकेल.

त्यातच एक विपरीत प्रकार आहे. डेंग्यूच्या विषाणूच्या चार जाती आहेत. एका जातीच्या वेळी तयार झालेली प्रतिपिंडे दुसऱ्या जातीच्या विषाणूवर अर्धवट बसतात; त्यास मारीत तर नाहीतच, उलट पेशीत शिरण्यास त्याला हात देतात. गेल्या शतकाच्या सातव्या दशकात थायलंडमध्ये काम करीत असताना अमेरिकन वैद्य स्कॉट हॅल्स्टेड यांनी या गोष्टीकडे लक्ष वेधले. दुसऱ्यांदा होणारा डेंग्यू अधिक धोक्याचा ठरू शकतो, तो यामुळे. तेव्हा 'मला एकदा होऊन गेला आहे, आता भीती नाही' असे कोणी म्हणू नये.

एका राज्याची आठवण

प्रतिपिंडे एका रोग्याचे निदान करण्यास कित्येकदा अपुरी पडतात. परंतु साऱ्या समाजाचा इतिहास सांगण्यात त्यांना तोड नाही. २० मार्च २०२० रोजी मध्य प्रदेशातील कोविडचे पहिले चार रोगी जबलपुरातच आढळले. जबलपूरची आदिवासी आरोग्य संस्था ही राज्यात या रोगाची तपासणी आरंभीच सुरू करणाऱ्या प्रयोगशाळांपैकी एक. पुढे देशभर प्रतिपिंडांची पाहणी झाली. मे-जून २०२० मध्ये प्रौढांपैकी शेकडा एकाहूनही कमी जणांत कोविडची प्रतिपिंडे होती. जून-जुलै २०२१ मध्ये, दुसरी लाट ओसरल्यावर, देशातील शेकडा सुमारे ६७ जणांत ती सापडली. यात लस घेतलेलेही होते. मध्य प्रदेशात हे प्रमाण शेकडा ७९ होते, तर केरळात सुमारे ४४. मोजलेल्या रोग्यांच्या यादीत जे कधीच आले नाहीत, त्यांची नोंद त्यांच्या रक्ताने ठेवली होती.

त्याच काळात कित्येक घरांत 'सीआरपी', 'फेरिटिन', 'आयएल-६' ही नावे भाजीच्या भावासारखी तोंडी झाली होती. दूरध्वनीवर आकडे सांगितले जात, आणि शेजारच्या रोग्याच्या आकड्याशी आपल्या रोग्याचा आकडा ताडून पाहिला जाई. रोग्याचा श्वास कसा चालला आहे, हे विचारावयाचे मात्र कधी कधी राहून जाई. त्या दिवसांत घरोघरी किती जीव टांगणीस लागले होते हे आठवले, म्हणजे त्या आकड्यांना बिलगण्यामागची व्याकुळता समजते. तरीही ही सवय आपण सोडली पाहिजे.

घरात काय करावे

या साऱ्या विवेचनातून कुटुंबाने लक्षात ठेवावयाच्या गोष्टी थोड्याच आहेत. हिवतापाच्या मुलखात ताप आला, किंवा अशा मुलखातून परतल्यावर ताप आला, तर त्याच दिवशी रक्त तपासावे. आशा कार्यकर्तीकडे आणि सरकारी केंद्रात तपासणी व औषध दोन्ही विनामूल्य मिळतात. ताप उतरला तरी औषध अर्ध्यावर सोडू नये. रोगी बरळू लागला, त्यास झटके आले, किंवा तो नीट जागा होत नसेल, तर पुढल्या अहवालाची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. डेंग्यूत ताप उतरू लागतो तेव्हाच सावध असावे. पोटात कळा, सारखी ओकारी, हिरड्यांतून रक्त, अंगाला गळाठा ही लक्षणे धोक्याची. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, तर बेडका तपासावा. डॉक्टरांकडे जाताना ताप कोणत्या दिवशी सुरू झाला ती तारीख लिहून न्यावी. साक्षीदार कोणता आणि त्याच्या बोलण्याचा अर्थ काय, हे त्या तारखेवरच ठरते. आणि 'पॉझिटिव्ह' शब्द वाचून औषधाच्या दुकानाची वाट स्वतःहून धरू नये.

जबलपूरच्या पलीकडल्या मंडला जिल्ह्यात २०१७ पासून १,२३३ गावांत हिवतापाच्या निर्मूलनाचा एक पथदर्शी प्रकल्प चालविण्यात आला. त्यात नवे चमत्कारिक औषध काही नव्हते. कार्यकर्ते घरोघर फिरत, तापाचा माणूस शोधत, जागच्या जागी रक्त तपासत, आणि औषधाचा क्रम पुरा होईपर्यंत त्याचा पाठपुरावा करीत. पहिल्या तीन वर्षांत तेथील स्थानिक हिवतापात सुमारे ९१ टक्के घट झाली. रक्तातील सूक्ष्म निरोप्यांचा अभ्यास प्रयोगशाळेत चालू राहील आणि तो चालूच राहिला पाहिजे. कारण बेशुद्ध पडलेल्या दोघांपैकी एकच का उठतो, हे कोडे अद्याप पुरते सुटलेले नाही. परंतु त्या दोघांनाही बेशुद्धीपर्यंत जाऊ न देणे, हे काम गावातली एक कार्यकर्ती आणि तापाचा पहिला दिवस वाया न घालविणारे घर, हे दोघे मिळून करू शकतात.